डावी सीट

बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय डुगडुगतो. इकडे बाकावर या. लाइट गेलीय. चारकोपच्या या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाचच्या सुमाराला लाइट जाणं रोजचंच आहे, हा चार्जिंगचा दिवा पुरेल आपल्याला. शटर अर्धं खाली ठेवतो, नाहीतर येणारा-जाणारा आत डोकावून गाडीचे फोटो काढत बसतो.

गाडी बघितलीत ना? एकोणनव्वदची, जपानी. दोनच सीट, इंजिन पाठीमागे, आणि झाकण उघडून वर येणारे पुढचे दिवे. रंग कारखान्यातून आला तोच. काचांवरचे नंबर, जॅकवरचं स्टिकर, पान्यांची पिशवी, सगळं ओरिजिनल. आणि तुम्ही आल्या आल्या बरोब्बर तेच विचारलंत, डावी सीट रेक्झिनची कशी म्हणून. नजर चांगली आहे तुमची. माझीही अशीच होती, तिनेच माझी वाट लावली.

ऐका मग. मला सहाला एका ठिकाणी पोचायचंय, तोवर वेळ आहे.

मी जयवंत तावडे. तीस वर्षं इन्शुरन्समध्ये सर्व्हेयर होतो. ठोकलेल्या गाड्या बघणं हेच काम. रक्त वाळलेली डॅशबोर्डं बघून मी बाजूच्या टपरीवर वडापाव खाल्लाय. तेव्हा भूतबित असलं काही मला सांगायला कुणी आलं, की मी त्याला हसून घालवायचो. वडील गिरणीत होते, घरात सायकलसुद्धा उशिरा आली. म्हणून की काय, पण गाडी घेतली तर एकच, आणि ती शंभर टक्के ओरिजिनल, हे खूळ डोक्यात पक्कं होतं.

ही मिळाली इथेच, सेक्टर आठमध्ये. सुबोध राजाध्यक्ष म्हणून गृहस्थ होते, ते वारले. बायको वनमालाबाई आणि मुलगा सर्वेश. सर्वेशला गाडी डोळ्यासमोर नको होती. मी तपासली आणि वेडाच झालो, एवढी जपलेली गाडी मी उभ्या आयुष्यात बघितली नव्हती. फक्त डावी सीट, हीच, रेक्झिनची. मी विचारलं, मूळची कुठाय? वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या, "ती गाडीची नाही आता. घरातली आहे."

मी दोन वर्षं सर्वेशच्या मागे लागलो. शेवटी एकदा त्याने घरी नेऊन दाखवली. आतल्या खोलीत, खिडकीपाशी, लाकडी पाटावर ठेवलेली. राखाडी कापड, बारीक पट्ट्या, मूळची शिवण, पट्टा आणि बक्कलसुद्धा कापडात गुंडाळून बाजूला ठेवलेलं. समोर एक खुर्ची.

"आई रोज चारला इथे बसून चहा घेते," सर्वेश म्हणाला. "माझी बहीण, प्रांजल... एकोणीस वर्षांची होती, काका. हृदयाची झडप जन्मापासून खराब. त्या दिवशी तिला त्रास व्हायला लागला म्हणून बाबा तिला गाडीत याच सीटवर बसवून निघाले. लिंक रोडला ट्रॅफिक. तिने डोकं टेकलं, बाबांना वाटलं झोपली. ते हॉस्पिटलपर्यंत तिच्याशी बोलत होते."

खरं सांगतो, लाज वाटते सांगायला, पण तो हे बोलत असताना मी सीटखालची कारखान्याची चिठ्ठी शाबूत आहे का ते बघत होतो. शाबूत होती.

पुढे जे केलं ते आमच्यासारखी माणसंच करू जाणोत. कुर्ल्याच्या भंगारातून तसल्याच मापाची सीट शोधली. राखाडी कापड मिळवलं, पट्ट्या जुळवून शिवून घेतलं, उन्हात टाकून रंग थोडा उडवला. वनमालाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन दिवस दवाखान्यात होत्या. त्या तीन दिवसांत ओरिजिनल माझ्याकडे आली आणि पाटावर डुप्लिकेट गेली. सर्वेश तयार झाला, त्यालाही ते रोजचं चहापाणी सहन होत नव्हतं. "आईला कळणार नाही, काका," तो म्हणाला.

बाई घरी आल्या, चारला जाऊन बसल्या. थोड्या वेळाने कप तसाच घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आज प्रांजल आली नाही."

सर्वेशने मला फोनवर हे सांगितलं. मी म्हटलं, होईल सवय.

सीट बसवली आमच्या भाऊने. भाऊ कुडाळकर, याच गाळ्यात काम करतो, आज गावी गेलाय. त्याची एक पद्धत आहे. कुठलंही काम झालं की तो चारही चाकांवरच्या फटीत बोटं घालून बघतो, मडगार्ड आणि टायरमध्ये किती जागा राहिली ते. या गाडीला चारीकडे तीन बोटं बसायची. त्या दिवशी उजवीकडे तीन बसली. डावीकडे दोनच.

त्याने स्प्रिंगा काढून बघितल्या, ठणठणीत. परत बसवल्या. तीन, आणि दोन. मग तो डाव्या दाराशी उकिडवा बसला आणि आत बघत राहिला.

"तावडेनू," तो हळूच म्हणाला, "भितर कोण आसा काय?"

"तुझा आजा आहे," मी म्हटलं. "स्प्रिंग थकली असेल, मान्य कर ना."

"सीट काढून टाका. माका ह्या बरा दिसना नाय."

मी ऐकलं नाही. शंभर टक्के ओरिजिनल गाडी होती माझी, मी कुणाचं ऐकणार होतो? त्या आठवड्यात दोनदा एकटा फिरवून आणली. दोन्ही वेळा गाडी लावून उतरलो तेव्हा डावा पट्टा लागलेला होता. मी लावलेला नव्हता. आत एक वासही यायचा, टाल्कम पावडरचा, आणि त्याखाली औषधाच्या बाटलीचा. काचा उघड्या ठेवल्या तरी जायचा नाही. मी स्वतःला सांगितलं, जुनं कापड आहे, वास धरून ठेवतं.

आणि मग, त्या रविवारी, मी नीलाला नेलं.

नीला माझी बायको. सत्तावीस वर्षं बँकेत काढली तिने, तोंडाने फटकळ, तब्येतीने खणखणीत. चौथ्या मजल्यावर भाजीच्या पिशव्या घेऊन चढायची आणि वर पोचून मलाच विचारायची, "जयवंता, दम लागला का रे?" गाडीला ती सवत म्हणायची आणि कधी बसायची नाही. त्या दिवशी मीच गळ घातली. उत्तनवरून मनोरीला जाऊ, मासे खाऊ, चारपर्यंत परत. शेवटी नखरे करत बसली.

बसल्या बसल्या म्हणाली, "अरे, सीट गरम आहे ही."

"ऊन आलं असेल."

"गाळ्यात कुठलं ऊन रे?"

जाताना बडबडत होती. मनोरीला जेवण चांगलं झालं, बोंबील तिने दोनदा मागवले. परत निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते. भाईंदर सोडलं आणि ती एकदम गप्प झाली. डोकं सीटला टेकलेलं, तोंड खिडकीकडे. मला वाटलं डोळा लागला. लिंक रोडला ट्रॅफिक तुंबलेलं. तो पावडरचा वास खूप वाढला. काच खाली करायला हात लावला, तेवढ्यात ती बोलली. डोळे मिटलेलेच होते.

"गप्प नका ना बसू... बोलत राहा..."

नीला मला कधी अहो-जाहो करत नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा केलं नाही. मी म्हटलं, काय गं? तिने डोळे उघडले नाहीत. मग मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही... कांदिवलीचा सिग्नल येईपर्यंत मी घाबरून नुसता बोलत होतो, आणि तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

गाळ्यावर आलो. बक्कल उघडेना. मी दाबतोय, भाऊ दाबतोय, नीला शांत बसून आमच्याकडे बघतेय. पाच मिनिटांनी ते आपसूक सुटलं. ती उतरली आणि थेट रिक्षा थांब्याकडे चालायला लागली. भाऊने सवयीने डाव्या चाकावर हात घातला.

तीन बोटं.

मी मूर्ख, मला आनंद झाला. म्हटलं, बघ, स्प्रिंग बसली ना जागेवर. भाऊ हसला नाही. तो पाठमोऱ्या नीलाकडे बघत होता.

घरात पहिला आठवडा मी स्वतःची समजूत घालत राहिलो. थकली असेल, वय झालं. ती रोज चारला खिडकीपाशी खुर्ची ओढून बसायची आणि कुणाची तरी वाट बघितल्यासारखी रस्त्याकडे बघायची. मला हाक मारणं तिने बंद केलं. काही हवं असलं की समोर येऊन उभी राहायची. मग एक दिवस दुसऱ्या मजल्यावर जिन्यात बसली, छातीवर हात, ओठ निळे. मी तसाच डॉक्टरकडे घेऊन गेलो. तपासण्या झाल्या.

"झडप खराब आहे," डॉक्टर म्हणाले. "ही जन्मापासूनची आहे. चौपन्न वर्षं कुणाच्या लक्षात कशी आली नाही?"

मी म्हटलं, डॉक्टर, बँकेत दर वर्षी तपासणी व्हायची हिची. ते रिपोर्ट आहेत घरी. ते म्हणाले, काहीतरी चुकलं असेल. ऑपरेशनला हृदय तेवढं बळकट नाही म्हणाले, जपा. मी बाहेर येऊन पॅसेजमध्ये उभा राहिलो. मला कळलं होतं हो. कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच दुपारी सीट उपटली. चार बोल्ट, भाऊची वाटसुद्धा बघितली नाही. टेम्पोत घातली आणि सेक्टर आठला नेली. दार वनमालाबाईंनी उघडलं. मी काही लपवलं नाही. डुप्लिकेट दिली, चोरी केली, चुकलो, ही घ्या तुमची, म्हणून पाया पडलो त्यांच्या. त्या रागावल्या नाहीत. डुप्लिकेट उचलून मी ती पाटावर ठेवली, पट्टा नीट गुंडाळून बाजूला ठेवला. त्यांनी सीटवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. आत गॅसवर चहा उकळत होता.

"नुसती सीट आणलीत," त्या म्हणाल्या. "तिला कुठे ठेवलंत?"

मी दोन पावलं मागे सरकलो.

"हिच्यावर कोण बसलं होतं?" त्यांनी विचारलं.

"माझी... बायको."

त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. सुटका झाल्यासारखं. "मग तिला पाठवा," त्या म्हणाल्या. "उद्या चारला. उशीर नका करू, तिला एकटं राहायची सवय नाही."

मी तिथून पळालो. नाही पाठवणार, मनाशी पक्कं केलं. बायको माझी आहे, काय वाट्टेल ते होवो. दुसऱ्या दिवशी दुपारी दाराला आतून कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि हॉलमध्ये बसून राहिलो. पावणेचारला नीला बेडरूममधून बाहेर आली. केस विंचरलेले, पावडर लावलेली, पायात चपला. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. चेहरा नीलाचाच, तीळसुद्धा नीलाचा. मान थोडी खाली घालून, परक्या मोठ्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली,

"निघायचं ना, काका?"

मी नेलं नाही हो. चार वाजले, आणि ती तिथेच कोसळली. ओठ निळे, नखं निळी, डॉक्टर येईपर्यंत अर्धी गेलेली. पुढच्या दिवशी मात्र मी स्वतः नेऊन सोडलं. ती त्या सीटवर जाऊन बसली आणि श्वास सरळ झाला, माझ्या डोळ्यांदेखत गालांवर रंग आला. तेव्हापासून रोज चारला सोडतो, सहाला आणतो. पाच महिने झाले. जाताना ती मला काका म्हणते. येताना जिना चढेपर्यंत परत नीला झालेली असते. रात्री कुकर लावते, माझ्यावर ओरडते, दुपारी कुठे होती ते तिला आठवत नाही. तेवढ्यावर जगतोय मी.

गाडी मला नको आता. तुम्ही न्या, रेक्झिनच्या सीटसकट न्या. हे घ्या कागद, घरी नेऊन नीट वाचा. मला निघायला हवं, पावणेसहा झाले.

हल्ली जरा लवकरच जातो. गेल्या आठवड्यात एकदा सहाला पाच मिनिटं होती, तर दाराबाहेर दोघींचं हसणं ऐकू आलं. बेल वाजवली तेव्हा थांबलं. वनमालाबाईंनी दार उघडलं, मागून नीला आली. मी म्हटलं, चल. तिने मला ना नावाने हाक मारली, ना काका म्हणाली. आधी वळून वनमालाबाईंकडे बघितलं, जाऊ का म्हणून विचारावं तसं. त्या दिवशी बाईंनी लगेच हो म्हणून मान हलवली. काल बराच वेळ हलवली नाही.