रंगवलेलं वल्हं

"उचला एकेक वल्हं आणि बसा होडीत. सगळी सारखीच आहेत," होड्यांचं शिबिर चालवणारे वामनराव ओरडले.

दीक्षानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. अमरावतीहून घरच्यांशी भांडून ती या शिबिराला आली होती, ती काही हाताला लागेल ते वल्हं उचलायला नाही. गेल्या दिवाळीच्या सुटीत इथल्याच नदीच्या खडकांत तिच्या ललितदादाचा पाय चिरडला. दादा म्हणाला, वल्हं हातात मोडलं. वामनराव म्हणाले, पोरगं घाबरलं, वल्हं सोडलं, ते वाहून गेलं. मोठ्यांनी मोठ्यांचं खरं मानलं. तेव्हापासून दादा कुबडीवर चालतो आणि गल्लीतली पोरं त्याला भित्रा म्हणतात. दीक्षाच्या बाजूनं उभी राहिली ती एकटी भागीरथाआजी. "जा. आपल्या घरची पोरं भीत नाईत, दाखवून ये. पण वल्हं पारखून घेजो."

म्हणून दीक्षा एकेक वल्हं वाळूत उभं करून बघत होती. मूठ हनुवटीशी आली पाहिजे. आखूड वल्हं खळाळत्या पाण्यात पोचत नाही, लांब असेल तर वेळेवर वळत नाही.

"नवरा पसंत करून राहिली का?" तिच्या वर्गातला हसनैन म्हणाला.

"तुह्यं वल्हं कानाच्या वर गेलं. पहिल्याच खडकापाशी तुले पाण्यात टाकते ते."

"मंग हे घे, लाल. बरोबर हनुवटीले लागते."

मापाला ते खरंच बरोबर होतं. पातंही रुंद. पण बाकीची वल्ही पात्याकडं जड होती आणि हे मधोमध. बाकीची विटकी पिवळी, हे एकटंच लालभडक.

"नवं असंन," हसनैन म्हणाला.

"नवं हाये तर मूठ एवढी घासलेली काहून?"

परतवाड्याच्या बैलबाजारात आजी रंगवलेलं शिंग आधी नखानं खरवडते. बैलाला हात लावते तो त्यानंतर. दीक्षानंही मुठीवर नख घासलं. पोपडा निघाला. खाली लाकडात दोन वाकड्या रेघा कोरलेल्या होत्या, बैलाच्या शिंगांसारख्या.

ललितदादा कर्कटकानं ही शिंगं दिसेल तिथं कोरायचा. बॅटीवर, बाकावर, आजीच्या पोळपाटावरसुद्धा.

"हसनैन, हे दादाचं वल्हं हाये. वाहून गेलं होतं ना म्हणे."

हसनैनचं हसू विरलं. "सरांले सांगू?"

"त्याइले आपलं कुठं खरं वाटते? तू गप राय अन् बघ."

ती लाल वल्हं घेऊन वामनरावांसमोर उभी राहिली. शाळेतून सोबत आलेले केशवराव सर आणि सगळी मुलं तिथंच होती. "काका, आमाले भीती वाटते. आधी तुमी एक फेरी मारून दाखवा ना. हे घ्या."

वामनराव फुशारून पाण्याकडं निघाले. होडीत पाय टाकता टाकता त्यांनी हातातल्या वल्ह्याकडं पाहिलं, ते वाळूत फेकलं आणि ढिगातून एक पिवळं ओढलं.

"ते काहून टाकलं, काका?" दीक्षा म्हणाली. "सगळी सारखीच हायेत ना?"



हसनैननं लाल वल्हं दोन दगडांवर आडवं ठेवलं आणि त्यावर पाय दिला. फार जोर लागला नाही, ते मधोमध मोडलं. आत गंजकी लोखंडी पट्टी, दोन खिळे आणि ठासून भरलेली पुट्टी निघाली.

केशवराव सरांनी सगळ्यांना पाण्यापासून मागं घेतलं आणि पोलिसांना फोन लावला.

संध्याकाळी आजी ललितदादाला घेऊन चौकीत आली. वामनराव बाकावर मान खाली घालून बसले होते.

"वर्षभर माह्या नातवाले भित्रा म्हणवलं तुनं," आजी म्हणाली. "अन् तेच मोडकं वल्हं रंगवून दुसऱ्याच्या लेकराच्या हाती देत होता. वर बघ. त्याच्या पायाकडं बघ."

वामनरावांनी वर पाहिलं नाही. आजीनं दीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला. "बरी पारख केली, माय." एवढंच. आजीच्या तोंडून एवढंही कधी कोणाला मिळत नसे.

टेबलावर वल्ह्याचे दोन तुकडे होते. ललितदादानं मुठीचा तुकडा जवळ ओढला. पाय काही परत येणार नव्हता. नखानं तो उरलेला लाल रंग खरवडत राहिला, दोन्ही शिंगं पूर्ण दिसेपर्यंत. हवालदारानंही त्याला अडवलं नाही.