सुटीवर जाणारं मशीन

शर्टांच्या कारखान्यात पहिल्याच दिवशी मला मिळालेलं जुनं मशीन बंद पडलं. मेकॅनिक आला तो थेट माझ्याकडे बघत... मशीनकडे नाही!

“काय केलंत हो, कॉलरवाल्या बाई?”

“मी? मी आपली कॉलर शिवत होते—”

त्यानं पट्टा पाहिला, सुई पाहिली, तेल घातलं. बिघाड काहीच नव्हता. फक्त सुईखालच्या कॉलरवर एक ओला डाग होता. कोमट... आणि दुधाचा वास येणारा. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. थोड्या वेळानं मशीन आपोआप सुरू झालं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. तो येई, हातातला पाना उगाच फिरवी, आणि बघता बघता मी डागाची भीती विसरून त्याच्या पावलांची वाट बघू लागले.

“खरं सांगा, मला बोलवायला तुम्हीच बिघडवता ना?”

“वा रे वा! मला वाटलं, इथं यायला मिळावं म्हणून तुम्हीच काहीतरी करून ठेवता.”

आम्ही हसलो... आणि दोघांनी एकदमच मशीनकडे पाहिलं. बिघडवत दोघांपैकी कुणीच नव्हतं.

शेजारच्या मशीनवर माझी वहिनी बसायची. तिला सातवा महिना लागलेला. दादाचं काम सुटलेलं, घर आम्हा दोघींवर. एका दुपारी मेकॅनिक माझ्याकडे आलेला असतानाच सुपरवायझर तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

“बाळंतपणाला जाणार असशील तर परत यायचं नाही. जागा दुसरीला देणार.”

माझं डोकंच फिरलं. “का म्हणून? पगारी रजा कायद्यानं मिळते. जागा राखून ठेवावी लागते. नंतर बाळाला पाजायला सुटीसुद्धा द्यावी लागते!”

“तुझ्याच मशीनवर होती एक, अशीच कायदा शिकवणारी,” तो हसला. “पोर गेटवर रडायचं, ही सुटी मागायची. काढून टाकली.”

मेकॅनिकच्या हातातला पाना खाली पडला.

“ते पोर... मी होतो,” तो हळूच म्हणाला. “आई इथं होती ते ठाऊक होतं, मशीन कुठलं ते नव्हतं. मरेपर्यंत तेच बोलायची— सकाळी एकदा, दुपारी एकदा, एवढंच तर मागितलं होतं.”

तेवढ्यात वहिनीचं मशीन थांबलं. मग पुढचं. मग सगळा हॉल. त्या शांततेत गेटकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. गेटवर कुणीच नव्हतं. सुपरवायझरच्या कॉलरवर एक ओला डाग पसरत गेला.

“चालू कर!” तो मेकॅनिकवर किंचाळला.

“बिघाड नाहीये, साहेब. सुटी आहे.”

थोड्या वेळानं मशिनं सुरू झाली, पण एकाही बाईनं कापडाला हात लावला नाही. शेवटी मालक स्वतः खाली आला, आणि वहिनीची रजा सगळ्यांसमोर मंजूर झाली. पगारासकट.

दुसऱ्या दिवशी माझं मशीन थांबलंच नाही. आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू येत होतं. तरी तो आला... पाना न घेता.

“आता कुठल्या निमित्तानं येणार?” मी मशीनचं बटण बंद करत विचारलं.

“निमित्त कशाला? माझ्याशी लग्न करशील?” रोजचं ‘तुम्ही’ कुठे गेलं, कळलंच नाही. “फक्त... आईला विचारायचं राहिलं.”

मी लाजून मान खाली घातली. कापडावर त्याचा हात माझ्या हाताला टेकला होता. बंद मशीनची सुई हळूच खाली आली, आणि त्याच्या बाहीला माझी बाही एका टाक्यानं शिवून थांबली.