चाँदचाचाची एकसष्ट पोती

प्रतिमोंढ्यात चाँदचाचा रोज एकसष्ट पोती उचलत होता. खऱ्या मोंढ्यात त्याने अकरा वर्षांत एकही पोतं पाठीवर घेतलेलं नव्हतं.

दीक्षा सरवदेने तो आकडा तीनदा तपासला. धारखेडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, चार नंबर गोदामाच्या पायरीवर, तुरीच्या पोत्याला टेकून ती बसली होती. मांडीवर विद्यापीठाने दिलेली पाटी होती आणि पाटीवर हाच मोंढा हलत होता. तीच गोदामं, तेच ट्रक, आणि हमालांच्या जागी नावं लिहिलेले पिवळे ठिपके. समोर खरे हमाल सोयाबीनचा ट्रक रिकामा करत होते. पोतं पाठीवर आलं की कमरेचा पट्टा टुक् करून वाजायचा आणि पाटीवरचा त्या माणसाचा ठिपका क्षणभर लाल व्हायचा.

हे पट्टे बाजार समितीने दोन वर्षांपूर्वी आणले. गोदामांच्या छताला कॅमेरे बसले, कुठलं पोतं कुठे ठेवलं ते टिपणारे. या सगळ्यावरून संगणकात मोंढ्याचा जुळा भाऊ उभा राहिला, तो प्रतिमोंढा. खऱ्या भावाला चिमटा काढण्याआधी जुळ्याला काढून बघायचा. एक फाटक बंद केलं तर काय होईल, एक माणूस काढला तर काय होईल, हे विचारलं की प्रतिमोंढा अख्खा हंगाम वीस मिनिटांत जगून दाखवायचा.

हा जुळा भाऊ सांभाळायला माणसं लागत होती. नुसता संगणक कळणारी पोरं मोंढ्यात आली की पोत्याला बॉक्स म्हणायची आणि नुसतं व्यवस्थापन शिकलेली पोरं यंत्राने दिलेल्या आकड्यापुढे हात जोडून उभी राहायची. म्हणून बालाघाट विद्यापीठाने माहिती तंत्रज्ञान आणि व्यवसाय व्यवस्थापन यांची एकत्र पदवी काढली. वर्गातली अर्धी पोरं उरलेल्या अर्ध्यांना वायरमन म्हणायची, ती यांना दुकानदार. दीक्षाला दोन्ही बाजूंनी हमालाची पोरगी म्हणत. तिने ते कधी खोडलं नाही. खरं ते खोडायचं कशाला?

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक टोळी आणि समितीचा एकच प्रश्न मिळाला होता: दहाऐवजी नऊ माणसांत टोळीचं काम भागेल का? दीक्षाच्या चिठ्ठीत चार नंबरची टोळी निघाली. त्या टोळीचा मुकादम प्रल्हाद सरवदे, म्हणजे तिचा बाप. तिने हे लगेच विभागात सांगितलं. प्रकल्प तपासणाऱ्या बिडवे मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग तुझा प्रकल्प मी दुप्पट कडक तपासणार. चालेल?" दीक्षा चालेल म्हणाली.

प्रतिमोंढ्याचं उत्तर आलं होतं. टोळीतले दहाही जण रोज एकसष्ट पोती उचलतात. सगळे सारखेच, तर एक गेल्याने काही अडत नाही. नऊ जण रोज अडुसष्ट उचलतील आणि काम भागेल. काढायचा तर वयाने मोठा काढा. शेख चाँद महेबूब, वय त्रेसष्ट.

दीक्षाने पाटीवरून मान वर केली. बालाजी नावाचा तगडा गडी पोतं घेऊन गोदामात शिरत होता. त्याच्या कमरेला दोन पट्टे होते आणि पाटीवर लाल झाला तो चाँदचाचाचा ठिपका.

दुपारी भाकरी सोडल्यावर तिने बापाला विचारलं, "बाबा, पट्टे फिरवता तुम्ही?"

प्रल्हादने कांदा बुक्कीने फोडला. "फिरवतो. मग?"

"मग म्हणजे? खोटी नोंद आहे ती."

"वाटणी सारखी तर नोंद बी सारखी. माझ्या बापाच्या टोळीतबी असंच होतं. कुणाची कंबर धरली, कुणाला ताप आला, कुणी म्हातारं झालं, तरी पाळी सगळ्यांची. आता ह्यांनी पट्टा आणला म्हणून टोळीचा धरम सोडायचा का?"

"त्या धर्मापायीच चाचा घरी बसणार आहे. नऊ जणांत काम भागतं हे तुम्हीच पट्ट्यावरून शिकवलं यंत्राला. दोन वर्षं रोज."

बालाजी पुटपुटला, "आपण तर चाचाला वाचवायला गेलो."

चाँदचाचा बाजूला पाय पसरून बसला होता. त्याला ऐकू सगळं येत होतं. "अगं बेटी, भाकर तर खाऊ दे पोरांना. मला काढतेत तर काढू दे. घरी शेळी हाय, बोलत नाही, गुण्यागोविंदानं राहीन तिच्यासंगं."

प्रल्हादने उरलेली भाकरी फडक्यात बांधली.

दीक्षापुढे दोन वाटा होत्या. गप्प बसली तर प्रकल्प पहिला येणार, चाचा घरी जाणार आणि का गेला ते कुणाला कळणारही नाही. खरं बोलली तर चाचाच्या एकसष्टचं शून्य होणार, वर फसवणूक केली म्हणून दहाही जणांचे बिल्ले जाणार. बिल्ला नाही त्याला मोंढ्याच्या फाटकातून आत घेत नाहीत. एकवीस वर्षं ज्या बिल्ल्याच्या जोरावर ती वाढली, शिकली, तो तिच्याच परीक्षेत जाणार होता.

ती चार दिवस चाचाच्या मागे फिरली. चाचा काम काय करतो, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं आणि कधीच पाहिलं नव्हतं. तो पोत्यांच्या थप्पीपाशी उभा राहायचा. पोतं जवळ आलं की त्यावर तळवा ठेवायचा, एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "मधी." किंवा "कडंला, तोंड आत." बावीस थरांची थप्पी तो असा बोलून उभी करायचा. बस, एवढंच.

"थाप मारून काय कळतं चाचा?"

"ओलं हाय का, ते. ओलं सोयाबीन आठ दिसांनी बसतं. कडंला ठिवलं की थप्पी मान टाकती."

दीक्षाच्या डोक्यात लख्ख पडलं. लिलावाच्या वेळी प्रत्येक मालाचा ओलावा यंत्राने मोजतात, ती नोंद समितीकडे होती. कुठलं पोतं कुठे ठेवलं, ती कॅमेऱ्यांकडे होती. या दोन नोंदी आजवर कुणी शेजारी ठेवल्या नव्हत्या, कारण एक खरेदीच्या खात्यात राहत होती आणि दुसरी गोदामाच्या. संगणकवाल्याला ती खाती ठाऊक नाहीत, व्यवस्थापनवाल्याला त्या नोंदी जोडायच्या कशा ते ठाऊक नाही. दीक्षाने जोडल्या.

बाकीच्या टोळ्यांच्या थप्प्यांत ओली पोती कुठेही पडलेली होती. चार नंबरच्या थप्प्यांत दोन वर्षांत एकही ओलं पोतं कडेला नव्हतं. एकही नाही. तिने खातरजमा करायला पुन्हा मोजलं आणि मग आकडा वहीत उतरवून घेतला.

तोंडी परीक्षेच्या दिवशी प्रल्हाद आणि चाँदचाचा विद्यापीठात आले. दोघांनी बिल्ले पुसून छातीवर लावले होते. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "माल टाकायला आलात का? मागून जा." प्रल्हाद म्हणाला, "आज माल आमचाच हाय. समोरून जाणार." आणि गेले.

हॉल इतका गार होता की चाचाने उपरणं कानाला गुंडाळलं. पहिल्या रांगेत बाजार समितीचे सचिव लोमटे आणि बिडवे मॅडम बसल्या होत्या. दीक्षाने पडद्यावर पहिलं उत्तर दाखवलं. लोमट्यांनी मान डोलावली. "छान. म्हणजे नऊ पुरे."

"नाही साहेब. ही नोंद खोटी आहे," दीक्षा म्हणाली. "चाँद शेख यांनी या दोन वर्षांत एकही पोतं उचललं नाही. त्यांची पोती बाकीच्यांनी उचलली. पट्टे फिरवून. माझे वडील त्या टोळीचे मुकादम आहेत."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोमटे मागे वळले. "सरवदे, खरं आहे हे?"

"खरं हाय," प्रल्हाद बसूनच म्हणाला.

"मग बिल्ले जमा करावे लागतील. सगळ्यांचे."

चाँदचाचा उठला. बिल्ला काढायला त्याला वेळ लागला, बोटं गारठली होती. त्याने तो लोमट्यांपुढच्या टेबलावर ठेवला. "माझा घ्या. पोरांचा नको. ती मला माणूस समजली, एवढाच गुन्हा."

"चाचा, बसा. माझं अजून व्हायचं आहे," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तो तिने खाली आणला नाही. "साहेब, पट्टा उचललेलं मोजतो. ठेवलेलं कोण मोजतो? गेल्या अकरा वर्षांचं तुमचंच अपघात रजिस्टर आहे हे. चौदा थप्प्या कोसळल्या. चार नंबरची एकही नाही. जे घडलंच नाही त्याची ओळ रजिस्टरात नसते, म्हणून यंत्राला ते दिसलं नाही. तुम्हाला तरी का दिसलं नाही?"

तिने ओलाव्याची नोंद प्रतिमोंढ्यात घातली, चाचाला काढलं आणि हंगाम सुरू केला. पडद्यावर ट्रक आले, ठिपके पळू लागले, थप्प्या चढल्या. सतराव्या दिवशी चार नंबर गोदामातली उजवीकडची थप्पी वाटेकडे झुकली. मग बसली. खाली तीन ठिपके होते. ते विझले. एकावर नाव होतं, प्रल्हाद सरवदे.

"हा हंगाम मी चाळीस वेळा चालवला," दीक्षा म्हणाली. "एकतीस वेळा थप्पी पडली. एकोणीस वेळा माझा बाप खाली होता."

प्रल्हाद पडद्याकडे बघत राहिला. आपण मेलेलं बघायची वेळ हमालावर सहसा येत नाही. त्याने शेजारी बसलेल्या चाचाच्या मांडीवर हात ठेवला.

लोमट्यांनी घसा साफ केला. "पण हे संगणकातलं आहे."

"नऊ पुरे, तेही संगणकातलंच होतं साहेब."

मागून कुणीतरी हसलं. बिडवे मॅडम हसल्या नाहीत. त्या दहा मिनिटं आकडे तपासत होत्या, एकेक ओळ. दुप्पट कडक म्हणाल्या होत्या, तशाच. शेवटी म्हणाल्या, "मला चूक सापडत नाही. चार नंबरचा माणूस कमी करता येणार नाही. उलट बाकीच्या टोळ्यांत एकेक वाढवायला हवा."

लोमटे टेबलावरच्या बिल्ल्याशी बोटाने खेळत होते. माणूस मूर्ख नव्हता. "मान्य. बिल्ले राहू द्या. पण मग एक करू. चाचांच्या हाताला हातमोजा घालू, थाप कशी मारतात ते यंत्राला शिकवू. सहा महिन्यांत सगळ्या मोंढ्यात एकेक चाँदचाचा. यंत्रातला."

"शिकवतो की," चाचा लगेच म्हणाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी मास्तर केलं होतं.

"शिकवतील," दीक्षा म्हणाली आणि याच प्रश्नासाठी करून ठेवलेला कागद पिशवीतून काढला. "पण हे शिकवणं टोळीच्या मालकीचं. मॅडम, दुसऱ्या वर्षाला तुम्हीच शिकवलं, माहिती ज्याच्या अंगातून निघते त्याची सही आधी. टोळीची संस्था केली आहे. नऊ सह्या, एक अंगठा. टोळीला विचारल्याशिवाय चाचांचा हात कुठल्याही यंत्रात जाणार नाही, आणि यंत्र आलं तरी थप्पीपाशी टोळीचाच माणूस उभा राहील. खाली तुमच्या सहीची जागा सोडली आहे."

लोमट्यांनी कागद दोनदा वाचला. "ही मुलगी संगणक शिकली की वकिली?"

"हमाली," प्रल्हाद म्हणाला. "बाकीचं इथं शिकली." हे बोलताना त्याची मान इतकी ताठ होती की ओझ्याखाली वाकलेली ती हीच, हे कुणाला खरं वाटलं नसतं.

लोमट्यांनी सही केली आणि बिल्ला चाचाकडे सरकवला.

सोमवारी सकाळी दीक्षा पुन्हा त्याच पायरीवर बसली होती. पट्टे आता ज्याचे त्याच्या कमरेला होते. पाटीवर चाँदचाचाच्या नावापुढे शून्य होतं आणि त्या शून्याच्या शेजारी तिने एक नवा रकाना आखला होता. रकाना रिकामा होता. त्याला मथळा काय द्यायचा, ते मॅडमनी संध्याकाळपर्यंत कळवायला सांगितलं होतं.

"चाचा, तुमच्या कामाला काय नाव देऊ?"

चाचाने आलेल्या पोत्यावर थाप मारली. "मधी," तो म्हणाला. मग हात तसाच पोत्यावर ठेवून तिच्याकडे वळला.

"बेटी, नाव दे. पण आमच्या उचलण्याला त्यांनी नाव दिलं, मोजलं, आणि लगेच इचारलं, कमीत कमी किती माणसांत भागंल. उद्या ह्याला बी नाव दिल्यावर तेच इचारलं, तर तवा तुझ्या ह्या पायरीवर कोण बसलेलं असंल?"