कोऱ्या जागेतला धडा

दुसरीच्या वर्गाला मी धडा जुन्याच पद्धतीने शिकवते. मी वाक्य वाचायचं, मुलांनी ओळीखाली बोट सरकवत मागून म्हणायचं. जुन्या गिरणीचा धडा झाला आणि आम्ही सहलीला ती खरीखुरी गिरणी बघायला गेलो.

धड्यात गिरणीत राबणारी मुलं आहेत. आग लागते, मुलं मरतात. दाराला बाहेरून कडी होती, हे मात्र धड्यात नाही. मी ते वर्गात सांगितलं, म्हणून मुख्याध्यापक बसमध्येच माझ्यावर घसरले.

"बाई, पुस्तकाबाहेरचं एक अक्षर नको. मुलं घाबरतात."

मुलं कसली घाबरतात, हेच घाबरत होते. गिरणीमालकाचे नातू आमच्या शाळेचे अध्यक्ष आहेत ना. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मी मुलं मोजायला घेतली.

गिरणीत भर दुपारीही अंधार होता. कुबट वास, आणि त्याखाली काहीतरी जळकट. मुलांना जमिनीवर बसवून, पुस्तकं उघडायला लावून मी धडा वाचायला घेतला.

"संध्याकाळी गिरणीला आग लागली."

मुलं मागून म्हणाली. त्यांच्यानंतर वरच्या मजल्यावरूनही कुणीतरी म्हणालं... बारीक आवाज, पुष्कळ.

"घुमतंय," मुख्याध्यापक पुटपुटले. "आटपा लवकर."

"खूप मुलं त्यात गेली," मी शेवटचं वाक्य वाचलं. त्याखाली अर्धं पान कोरं होतं.

माझी मुलं म्हणाली. वरचे गप्प राहिले. मग वरून एका मुलीने हळूच विचारलं, "बाई... पुढे?"

मला संताप आला, त्या पोरीवर नव्हे. इतकी वर्षं ती हेच विचारत असणार, आणि आमच्यासारखे शहाणे पुस्तक मिटून घरी जात असणार.

"पुढचं छापलंच नाही गं," मी म्हणाले. "तू सांग."

"बाई, काय करताय..." मुख्याध्यापक कुजबुजले.

माझ्या मुलांची बोटं शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेत उतरली आणि सरकू लागली.

"दाराला बाहेरून कडी होती," मुलं एका सुरात वाचू लागली. "आम्ही दार वाजवलं. कडी कुणी लावली, ते आम्ही फटीतून पाहिलं."

एरवी ओळीओळीला अडखळणारी माझी पोरं, एकही अडखळलं नाही.

"पुस्तकं मिटा," मुख्याध्यापक ओरडले. कुणीही मिटलं नाही. मी थांबवलं असतं तर कदाचित थांबलीही असती. मी थांबवलं नाही.

बोटं पानाच्या तळाशी पोचली, आणि सगळ्यांनी एकदमच पान उलटलं.