डाव्या मुठीचं पिस्तूल

हे तुम्हांला कुणालाच खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकतो. मी पोपटराव. रास लफानच्या गॅस प्लँटवर सव्वीस वर्षं इन्स्ट्रुमेंट फोरमन होतो. प्रेशर गेजचा काटा नुसत्या कानानं वाचणारा अख्ख्या आखातात मी एकटा. आयुष्यात खोटं बोललो ते तीनदाच, आणि तिन्ही वेळा बायकोशी.

गेल्या शुक्रवारची दुपार. दोह्यातल्या मुऐदर भागात, आमच्या व्हिलात जेवणं आटोपली होती. बाहेर गल्लीभर बत्तीस देशांचे झेंडे फडफडत होते; वर्ल्ड कप महिन्यावर आलेला. माझी पुतणी नमिता त्याच्याच तिकीट ऑफिसात नोकरीला म्हणून पुण्याहून नुकती आली होती. तिनं फोन माझ्या नाकासमोर धरला.

"काका, मला नेमबाजी शिकायचीय. हे पिस्तूल कसं आहे?"

काळं, चकचकीत जर्मन पिस्तूल. खालचा आकडा बघून मला वाटलं, दुकानदाराचा फोन नंबर असावा.

"पहिलंच ना? मग हे नको. स्वस्तातलं, पण स्वतःचं घे."

"स्वतःचं म्हणजे?"

"ते कळायला अंतरा आणि शौनकची गोष्ट ऐकावी लागेल."

"झालं सुरू," माझी बायको शोभा आतून म्हणाली. "अगं नमे, ती दोघं आत्ता चहाला येतायत. त्यांनाच विचार, पाव गोष्ट खरी तरी ऐकायला मिळेल."

मी तिकडे दुर्लक्ष केलं.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा दोहा म्हणजे एक खणून ठेवलेलं अंगण होतं. क्रेन इतक्या, की कबुतरं लेन धरून उडायची. डायव्हर्जन इतकी, की सकाळी पुढच्या दारानं ऑफिसला निघालेला माणूस दुपारी स्वतःच्याच मागच्या दाराशी पोचायचा. अशी तेरा डायव्हर्जन पार करून एका शुक्रवारी अंतरा शूटिंग क्लबात आली.

अंतरा नाशिकची, सिव्हिल इंजिनिअर. एका स्टेडियमच्या साइटवर खुर्च्यांचं काम तिच्याकडे होतं. चाळीस हजार खुर्च्या, आणि तिनं हलवून बघितल्याशिवाय एकही पास होत नसे. पोरगी चालायची ती मान अशी ताठ ठेवून, की हेल्मेट काढलं तरी डोक्यावर आहेसं वाटावं.

क्लबाच्या काउंटरवर एक रजिस्टर होतं आणि त्याच्या उजव्या कडेला सुतळीनं बांधलेलं पेन. अंतरानं ते डाव्या हातानं ओढलं. सुतळी पुरेना. तिनं आणखी ओढलं… तर पलीकडूनही एक हात त्याच पेनावर आलेला. तोही डावाच.

"सॉरी," तो हात म्हणाला. म्हणजे हाताचा मालक म्हणाला. शौनक. पुण्याचा, माझ्याच हाताखालचा इंजिनिअर. शुक्रवारी क्लबात नवख्यांना शिकवायचा.

"सही करून घ्या आधी तुम्ही," ती म्हणाली.

"नको, तुम्ही. मला सवय आहे. दोन वर्षं या सुतळीशी भांडतोय."

"दोन वर्षांत एकदाही पेन डावीकडे बांधावंसं वाटलं नाही?"

शौनक गप्प. पुण्याचा मुलगा आणि गप्प! तिथेच मी ओळखलं.

"तुम्ही कुठे होतात तेव्हा?" नमितानं विचारलं.

"खांबामागे. छर्ऱ्यांच्या डब्या मोजत होतो. मध्ये बोलू नकोस."

तर, अंतरानं विचारलं, "इथे सगळ्यांत चांगलं पिस्तूल कुठलं?"

"तुमच्या हातात बसेल ते."

"आणि सगळ्यांत स्वस्त?"

"तेही तेच. नाव बघून महागडं घ्याल, मूठ बसली नाही की सहा महिन्यांत विकाल. तोच खरा खर्च."

"मूठ बसली हे कळतं कसं?"

शौनकनं क्लबाचं एक हवेवर चालणारं पिस्तूल तिच्यापुढे ठेवलं. "रिकामं आहे. तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः उघडून बघा. नळी कायम टार्गेटकडे. ट्रिगरवर बोट नाही. आता डोळे मिटा… हात सावकाश उचला. थांबा. आता उघडा."

तिनं उघडले.

"नळीच्या टोकावरचा दाणा मागच्या खाचेत दिसतोय?"

"नाही. पार बाजूला पळालाय."

"म्हणजे ही मूठ तुमची नाही. उजव्या हातासाठी कोरलेली आहे ती."

"मग डाव्या हाताची द्या ना."

"असती तर मीच नसती घेतली?" तो म्हणाला.

मग पहिल्यांदा दोघं हसले. आणि तुला सांगतो नमे, त्या हसण्यानं रेंजवरची अकरा टार्गेटं आपोआप फिरली.

"काका!"

"बरं, सात."

क्लबात एक जुनं, चपट्या मुठीचं पिस्तूल होतं. दोन्ही हातांना सारखंच टोचायचं. दर शुक्रवारी ती दोघं आळीपाळीनं तेच वापरू लागली. आधी त्याच्या दहा गोळ्या, मग तिच्या दहा. तिच्या हातात यायचं तेव्हा मूठ अजून कोमट असायची… ती काही बोलायची नाही. पण पुसून घ्यायचीही नाही.

"ट्रिगर ओढू नका," तो सांगायचा. "दाबा. हळूच. गोळी कधी सुटली ते तुमचं तुम्हांलाच कळता कामा नये."

"असं न कळता काही सुटलं तर परत आणता येतं का?"

"नाही," शौनक म्हणायचा आणि कान लाल करून टार्गेटाकडे बघायचा.

मग गणपती आले. मंडळाच्या आरतीनंतर शोभा तीर्थ देत होती. रांगेत पुढे अंतरा, मागे शौनक. अंतराचा डावा हात पुढे आला, शोभानं पटकन चापट मारली, "उजवा!" लगेच मागून दुसरा डावा हात. त्यालाही चापट.

"हे मात्र खरंय," शोभा आतून ओरडली.

त्या दिवशी प्रसादाचा द्रोण घेऊन दोघं जिन्यात बसली, तेव्हा अंतरानं सांगितलं, "लहानपणी जेवताना आई माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधायची. शाळेत बाईही ओरडायच्या. सगळ्यांच्या लेखी हा हात चुकीचाच. तिथे क्लबात… तिथे पहिल्यांदा कुणी म्हणालं, मूठ चुकीची आहे. हात नाही."

"कोण म्हणालं असं?"

"आहे एक. पेन कुठे बांधावं तेसुद्धा ज्याला कळत नाही."

पुढच्या शुक्रवारी पेन डावीकडे बांधलेलं होतं. आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही… हळूच दाबलं गेलं असणार.

नोव्हेंबरात नोटीस बोर्डावर चिठ्ठी लागली. कॅप्टन रऊफ, क्लबाचे इजिप्शियन कोच, कायमचे घरी कैरोला निघाले होते. त्यांचं पिस्तूल विकायचं होतं. जुनं, रंग उडालेलं, नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत. आणि मूठ डाव्या हाताची!

मी स्वतः ते तपासलं. जुनं पिस्तूल घेताना, नमे, रंग बघायचा नाही. हवेच्या सिलिंडरवरची मुदतीची तारीख बघायची आणि हवा गळतेय का ते ऐकायचं. मी कान लावला. सिलिंडर ठणठणीत होता. वर कॅप्टनच्या कैरोच्या घरातला नळ गळत होता, तेही ऐकू आलं.

अंतरानं ते उचललं. डोळे मिटले, हात वर नेला, डोळे उघडले. दाणा खाचेच्या बरोबर मध्ये, हलायला तयार नाही. तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात मागून शौनकही धापा टाकत आला. त्याच्या फोनवर त्याच चिठ्ठीचा फोटो होता.

दोघांनी कॅप्टनला एकाच सकाळी, एकाच मिनिटाला मेसेज केला होता.

"तू घे," असं शौनक म्हणेल असं मला वाटलं. तो म्हणाला नाही. दोन वर्षं थांबला होता बिचारा.

कॅप्टननं टाळी वाजवली. "यल्ला, चला! त्या जुन्या चपट्या पिस्तुलानं दहा-दहा गोळ्या. ज्याचे गुण जास्त, माझं पिस्तूल त्याचं. खलास."

रेंजवर जाण्याआधी अंतरानं शौनकला थांबवलं.

"एक ऐक. माझ्यासाठी म्हणून हरलास, तर पिस्तूल मला नकोच. पण नंतर तूही नकोस. आज कळो, दहा वर्षांनी कळो."

"हरू? मी?" शौनक म्हणाला. "तुला हरवणार, आणि वर तुझ्याकडूनच कॉफी घेणार."

"बघू."

"बघच."

एक गोळी तिची, एक त्याची. मध्ये टेबल. तिनं पिस्तूल खाली ठेवायचं, त्यानं उचलायचं. रेंजवर इतकी शांतता, की मला दोघांच्या नाड्या वेगवेगळ्या ऐकू येत होत्या; पाचव्या गोळीनंतर त्या एकत्रच पडायला लागल्या. नऊ गोळ्या झाल्या आणि गुण बरोबरीत. एकोणऐंशी, एकोणऐंशी.

अंतराची दहावी. तिनं हात उचलला… खाली घेतला. पुन्हा उचलला. श्वास अर्धा सोडला, आणि —

दहा!

ती वळली नाही, हसली नाही. पिस्तूल टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरली. मान तशीच ताठ.

शौनकनं उचललं. किती वेळ धरून उभा! मग गोळी सुटली. टार्गेट सरकत जवळ आलं. छर्रा दहाच्या रेषेला चाटून गेलेला. केसाएवढा बाहेर.

नऊ.

पार्किंगमध्ये आम्ही आलो तेव्हा चार थेंब पडत होते. दोह्यात चार थेंब म्हणजे पाऊसच. लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. अंतरा शौनकसमोर उभी राहिली. केसांवर थेंब, डोळ्यांत संशय.

"खरं सांग. मुद्दाम सोडलीस?"

"नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

"नाही, अंतरा. वाईट वाटतंय मला. खूप. दोन वर्षं थांबलो होतो." मग त्यानं बाहीनं कपाळावरचे थेंब पुसले. "पण ते तुझ्याकडे आहे म्हटल्यावर… दर शुक्रवारी निदान बघायला तरी येईन."

"पिस्तूल?"

"पिस्तूलही."

थेंब वाढले. दोघंही हलेनात. मी गाडीत बसून काच खाली केली. ऐकायला नव्हे, हवेसाठी.

"शौनक," ती म्हणाली, "क्लबाच्या रजिस्टरात प्रत्येक पिस्तुलासमोर दोन रकाने असतात. पहिल्यात मालकाचं नाव."

"माहितीय."

"दुसऱ्यात, ते आणखी कुणी वापरायचं त्याचं. तिथे फक्त घरच्या माणसाचं नाव चालतं."

"तेही माहितीय."

"तो रकाना…" ती त्याच्या ओल्या बाहीकडे बघत होती. "रिकामा आहे. लिहायचं का?"

शौनकनं खिसे चाचपले. "पेन नाहीये माझ्याकडे."

"ते बांधलंय. डावीकडे."

नमितानं उशी छातीशी धरली होती. "काका, किती गोड! म्हणजे ती एका गुणानं जिंकली, सरळ?"

तेवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. अंतरा-शौनक आलेच होते. क्लबाच्या लीगमधून परस्पर. अंतराच्या गळ्यात पदकाची फीत, शौनकच्या हातात मिठाई. मला ते दिसले. पण सुरू झालेलं इंजिन मध्येच बंद करता येत नाही, आणि माझ्या मते गोष्टीला अजून थोडी साखर हवी होती.

"सरळ?" मी म्हणालो. "वेडी आहेस. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. परत येताना गाडीत शौनकनं माझा हात धरला आणि म्हणाला, काका, कुणाला सांगू नका… दहावी गोळी मी ठरवून केसाएवढी बाजूला सोडली. तिच्यासाठी. असा आहे हा मुलगा! एवढा निष्णात नेमबाज, की चुकलासुद्धा मोजून."

शोभा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली.

अंतराचा डावा हात पदकावर गेला. घट्ट मिटला. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"शौनक," ती म्हणाली. "काका काय म्हणतायत?"

शौनकनं मिठाईचा डबा खाली ठेवला. आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याचे कान लाल झाले होते, त्या पहिल्या दिवसांसारखे.

"काका, साफ खोटं," तो मोठ्यानं म्हणाला. "इतकं केसाएवढं ठरवून चुकता येत असतं ना, तर मी दहाच नसता मारला?"