पावलिकचा कोपरा कुठे गेला?

"उतरा, आणि आटपा लवकर," आजोबा म्हणाले. "उन्हानं जीव नकोसा झालाय."

आर्लिस ट्रकच्या मागून उतरली. मागोमाग तिचा चुलतभाऊ डुएन आणि त्याची धाकटी बहीण बेव्ह. मे संपत आला होता, शाळांना नुकती सुट्टी लागली होती आणि मक्याची पेरणी उरकून अख्खा नेब्रास्का दमून बसला होता. पण दमले म्हणून गेलेल्यांना फुलं वाहायचा दिवस कुणी चुकवत नाही.

गाडीवाटेच्या कडेला काउंटीनं लावलेली पाटी होती : 'पहिल्या वस्तीची दफनभूमी'. आजोबांची थोरली बहीण अनेष्का इथं पुरलेली. आजोबा जन्मायच्या आधीच, पाळण्यात असताना ती तापानं गेली. पुढे वणव्यात लाकडी क्रूस जळाले आणि बिऱ्हाडही दूर हललं. खूण म्हणून आजोबांच्या आईचं एक वाक्य तेवढं उरलं : पावलिकच्या कोपऱ्यापासून पूर्वेला पाव मैल.

आजोबांनी पिओनीची फुलं पाटीखाली ठेवली आणि कंबर धरून हळूहळू उभे राहिले.

"पुढच्या वर्षी मला नाही झेपायचं. तुम्ही येत जा. नाहीतर राहू द्या."

ते ट्रकमध्ये जाऊन बसले आणि डोळे मिटले. आर्लिसला फार वाईट वाटलं.

"गाईंसाठी बाग कुणी लावली गं?" बेव्हनं विचारलं.

उत्तरेच्या कुरणात एक टेकाड होतं. खडी काढायचं पिवळं यंत्र त्याच्या पायथ्याशी येऊन उभं होतं. उद्यापासून खोदाई सुरू होणार होती. आणि टेकाडावर जांभळे आयरिस फुलले होते, चक्क ओळीत.

"गाईंनीच लावली असेल," डुएन म्हणाला. "दूध देऊन कंटाळल्या बिचाऱ्या."

पाय ओढत तिघं वर चढली. फुलांच्या ओळीमागे डुएनचा पाय खड्ड्यात गेला. तसे आणखी खड्डे होते, उथळ, गवतानं भरलेले. काही माणसाच्या लांबीचे, काही पाळण्याएवढे. डुएनची थट्टा थांबली.

"आर्लिस, ही थडगी आहेत," तो हळूच म्हणाला.

"मग पाटी खाली कशी?"

"मोजणारा चुकला असेल."

आर्लिस खाली, रस्ता वळत होता तिकडे बघत राहिली. "डुएन, त्या वळणाला पावलिकचा कोपरा का म्हणतात रे? कोपरा कुठाय तिथं?"

"आजी तर साठ वर्षांच्या पुलाला अजून नवा पूल म्हणते."

"तेच म्हणतेय मी. बाईंनी शिकवलेलं विसरलास? पृथ्वी गोल, म्हणून उत्तरेला जाणाऱ्या रेघा जवळजवळ येत जातात. मग मोजणीवाल्यांनी दर काही मैलांवर रस्ता थोडा बाजूला सरकवला. म्हणजे इथं आधी काटकोन असणार. वळण नंतरचं."

बेव्हला यातलं काही कळलं नाही, पण गवतातलं जुनं कुंपण तिलाच सापडलं. वळणाच्या बरंच उत्तरेला ते काटकोनात वळत होतं. तिथून पूर्वेला नजर टाकली की समोर येत होते आयरिस.

आजोबांना मात्र त्यांनी काही सांगितलं नाही. म्हाताऱ्याला उगाच आशेला लावायचं आणि उद्या यंत्रानं टेकाड उकरायचं, हे आर्लिसला बघवलं नसतं.

गावात परतल्यावर मुलांनी काउंटीचे रस्ते बघणाऱ्या मिस्टर श्रॅडरना गाठलं आणि पाटी चुकल्याचं सांगितलं. ते चर्चच्या तळघरात जेवून पेंगत होते.

"पोरी, पाटी मीच लावलीय, मोजून. आज सुट्टी आहे. पाय पसरू दे जरा."

"बरं," आर्लिस म्हणाली. "नुसता पावलिकचा कोपरा दाखवा. डुएन म्हणतो, तो तुम्हालाच ठाऊक नाही."

"मी असं कधी..." डुएन बोलू लागला. बेव्हनं त्याच्या पायावर पाय दिला.

हे मात्र श्रॅडरना झोंबलं. त्यांनी मुलांना गाडीत घातलं आणि वळणावर आणून उभं केलं.

"हा घ्या कोपरा."

"हे तर वळण आहे," बेव्ह म्हणाली.

"म्हणजे... मोटारी वेगात यायच्या आणि थेट शेतात घुसायच्या. म्हणून आम्ही हे वळण काढलं. कोपरा तिकडं होता, त्या कुंपणाशी."

"आणि पाटीसाठी मोजलंत कुठून?" आर्लिसनं विचारलं.

श्रॅडरनी टोपी काढली. "इथून," ते म्हणाले.

यंत्र त्यांनी लगेच तिथून हलवायला लावलं. टेकाडावर जाऊन खड्डे पाहिल्यावर ते म्हणाले, "शाबास. माझी अक्कल काय चरायला गेली होती?" मग आजोबांना आणायला ते स्वतः गेले.

आजोबा दोनदा थांबून, धापा टाकत वर आले. "चाळीस वर्षं मी तिकडं फुलं वाहिली," ते म्हणाले. "तिथं कुणीच नव्हतं." त्यांनी आर्लिसचा हात धरला आणि पाळण्याएवढ्या पहिल्या खड्ड्याशी वाकले.

"अनेष्का, ही आर्लिस, माझी नात. हिनं शोधलं तुला. पोरगी हुशार आहे."

मग ते गोंधळून इकडंतिकडं पाहू लागले. तसले लहान खड्डे बरेच होते आणि अनेष्काचा कुठला ते सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. तेव्हा आजोबा पुढच्या खड्ड्याशी गेले आणि तेच पुन्हा सांगितलं. मग त्याच्या पुढच्या. स्वतःचं कौतुक असं पुन्हा पुन्हा ऐकून आर्लिसला कधी नव्हे इतकी लाज वाटली, पण तिनं हात सोडवला नाही. शेवटच्या खड्ड्यापर्यंत ती त्यांच्याबरोबर गेली.