धूरनाक

बारशाच्या दिवशी द्वारकामायनं परसात कपाशीची वाळकी पऱ्हाटी पेटवून वांगी भाजायला घेतली आणि अर्धं पाहुणं नाक दाबून रस्त्यावर पळालं. रेवती, म्हणजे तिची बाळंतीण लेक, ओसरीवरच ओकली. मेलेलं डुक्कर उन्हात फुगावं तसा वास! शी! याच भरितासाठी ती लहानपणी चुलीपुढून हलत नसे. पण ते जुनं नाक होतं.

नवं नाक लशीचं. लाकूड, कोळसा, तेल, काहीही अर्धवट जळलं की कार्बनच्या कड्या एकमेकींना चिकटतात आणि बेंझोपायरीन नावाचं विष तयार होतं. ते पेशींत शिरून जनुकांना बिलगतं, कर्करोगाला आवतण देतं. पंचाईत अशी, की माणसाला ते ओळखता येत नाही. उलट खमंग धुरानं तोंडाला पाणी सुटतं. म्हणून शास्त्रज्ञांनी नाकात एक नवं कुलूप बसवलं. त्याची किल्ली एकच, हे विष. ते शिवलं की मढ्याचा वास. लोक त्याला धूरनाक म्हणू लागले. रेवती बाळंतपणाला माहेरी आली त्याच सुमारास मोठ्यांना लस मिळाली; तान्ह्या बाळांना पाचवीलाच थेंब मिळत.

रेवतीच्या बाळालाही मिळाले, आणि तेव्हापासून ते अंगावर पिईना. छातीशी धरलं की तोंड फिरवून उमासे काढी. बाटलीचं दूध मात्र गटागटा पिई.

"दिष्ट लागली व माय," म्हणत द्वारकामायनं मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. तिनं लस घेतलीच नव्हती. रेवती पुन्हा ओकली.

शेवटी लशीच्या केंद्रातल्या डॉक्टर होनप घरी आल्या.

"माझ्या सासरी चूल नाही, डॉक्टर," रेवती म्हणाली. "मग बाळाला माझ्या दुधाची कसली घाण येते?"

"लग्नाआधी?"

"मायची भरिताची खानावळ आहे. वांगी मीच भाजायचे."

"तेच. धुरातलं बरंचसं विष शरीर बाहेर टाकतं, थोडं चरबीत मुरतं. तिथून दुधात उतरतं. इतकं थोडं, की बाळाला अपाय नाही. पण या नाकाला कमी-जास्त कळत नाही. आहे की नाही, एवढंच कळतं."

"मला कसा येत नाही वास?"

"स्वतःच्या अंगाचा वास कुणाला येतो?"

डॉक्टर मघापासून दारातच उभ्या होत्या. पदर नाकाशी होता. रेवतीला आठवलं, नवराही बारशाला आला तो ओट्यावरूनच परत गेला. तिला वाटलं होतं, लाजला. तिला आपल्याच कातडीची किळस आली. ती खरवडून काढावीशी वाटली.

"इकडे ये व बाई," म्हणत द्वारकामायनं तिला पोटाशी धरलं. साऱ्या गावात तिला जवळ घेणारी तेवढी एकच उरली होती.

रेवतीला उमासा आला. तिनं तोंड फिरवलं, अगदी बाळासारखं.